बाळासाठी आलात आणि थोरलीलाही पाहिलेत

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

आपण एकाच गावच्या, त्यामुळे हे आभार ओट्यावर बसूनही मानता आले असते. परंतु समोर आलात की तुम्ही मला बोलू देत नाही, आणि तुमच्या कामातील जो भाग कोणत्याही नोंदवहीत लिहिला जात नाही तो चार जणांना कळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर आशा कार्यकर्तीने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासायचे असते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत रुजवलेली ही घरभेटीची रीत आज अमळनेर तालुक्यातील आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली आहे, ती तुमच्या पायांनी.

बाळ चैत्रात झाले. यजमान सुरतेला कामावर, घरात सासूबाई, मी, सव्वादोन वर्षांची थोरली आणि हे तान्हे. खानदेशातील उन्हाळा मी तुम्हाला काय सांगणार! सातव्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बाळाचे अंग तापलेले होते आणि मी घाबरून गेले होते. तुम्ही साबणाने हात धुतले, दोन दुपटी व टोपरे काढून बाळाला हवेशीर जागी निजवले, अर्ध्या तासाने पुन्हा ताप मोजला आणि तो उतरल्याची खात्री झाल्यावरच उठलात. उतरला नसता, तर त्याच पावली प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे, हेही आधीच बजावले होते. एवढ्या उन्हात लेकराच्या घशाला कोरड पडत असेल, म्हणून सासूबाई मायेपोटी चमचाभर पाणी पाजायला निघाल्या होत्या. त्यांना न दुखावता तुम्ही समजावले, की आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते, सहा महिने वरचे पाणी लागत नाही, उलट त्यातून जुलाब होण्याची भीती असते. पाणी प्यायचे ते बाळंतिणीने. त्या दिवसापासून सासूबाई माझ्याच उशाशी तांब्या भरून ठेवू लागल्या.

मात्र माझी खरी विवंचना थोरलीची होती. लघवीचे सांगणारी मुलगी पुन्हा कपडे ओले करू लागली, अंगावर पिण्याचा हट्ट धरू लागली आणि कुणाचे लक्ष नसताना बाळाला चिमटे काढू लागली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. मला माहेरी शिरपूरला जाणे शक्य नव्हते, म्हणून येणारा-जाणारा सांगत असे की निदान हिला तरी मामाकडे पाठवून द्या, बाळंतिणीला विसावा मिळेल. माझेही मन तसेच होत आले होते.

चौदाव्या दिवशी तुम्ही बाळाला झोळीच्या वजनकाट्यात घातले. जन्मतः 2 किलो 700 ग्रॅम असलेले बाळ सातव्या दिवशी 2 किलो 600 वर आले होते, ते आता 2 किलो 750 भरले. खांबाला बिलगून उभी असलेली थोरली सारे पाहत होती. तुम्ही तिला म्हणालात, “तुनी बाहुली बी लई ये वं माय,” म्हणजे तुझी बाहुलीही घेऊन ये. मग तुम्ही ती चिंध्यांची बाहुली त्याच झोळीत घातली, काटा स्थिर होईपर्यंत थांबलात आणि आलेले वजन एका कागदावर लिहून तो तिच्या मुठीत दिलात. या सर्वाला पाच मिनिटे लागली असतील. उन्हाच्या आधी तुम्हाला आणखी घरे करायची होती, हे मला ठाऊक आहे.

जाताना मला म्हणालात, “तिला आता पाठवू नका. बाळ आले आणि मला घराबाहेर काढले, एवढेच तिच्या मनात राहील.” बाळाला पाजायला बसताना तिची वाटी आधी भरून तिला मांडीशी बसवायचे, लंगोट आणून देण्याचे काम तिचे, आणि बाळ निजले की भांड्यांकडे न धावता अर्धा तास केवळ तिचा, असे तुम्ही सांगितलेत. चिमटे एका दिवसात थांबले नाहीत, आठवडे लागले, पण थांबले.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. एकविसाव्या दिवशी बाळाचे वजन वाढले आणि बाहुलीचे तेवढेच राहिले, म्हणून थोरली रात्री हमसून रडली. तेव्हा सासूबाईंनी मिणमिणत्या उजेडात बाहुलीची शिवण उसवली आणि आत मूठभर सरकी भरली. अठ्ठाविसाव्या दिवशी तुम्ही काटा पाहून तिची पाठ थोपटलीत, ती याच सरकीमुळे.

दीड महिन्याच्या लसी झाल्या, अडीच महिन्यांच्या आता येतील. तीन महिने भरले की तुम्ही पुन्हा घरी येणार आहात. बाहुली आतापासूनच धुऊन वाळत घातली आहे.

आपली कृतज्ञ,
एक बाळंतीण, अमळनेर तालुका