निळू फुले म्हणजे फक्त ‘वाड्यावर या’ नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

हल्ली रील्स आणि कॉमेडी शोमध्ये निळूभाऊंची नक्कल म्हणजे एकच ठरलेलं असतं, घोगरा आवाज काढायचा, तिरकी नजर टाकायची आणि ‘बाई वाड्यावर या’ म्हणायचं, की लोक हसले, संपलं. नवीन मुलांना तर निळू फुले एवढेच माहिती आहेत आणि याचं खरंच वाईट वाटतं.

अहो, हा माणूस पुण्यात लष्करी मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम करत होता, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तयार झाला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने गाजला आणि 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने सिनेमात आला. पुढे गावचा पाटील, सरपंच, सावकार असे रोल एवढे केले की बायका त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या. पण ‘सामना’तला हिंदूराव बघा, नुसता व्हिलन नाहीये तो, दारूत बुडालेल्या मास्तरला स्वतःच्या घरी आणून ठेवतो, त्याच्याशी गप्पा मारतो, आणि हाच मास्तर आपल्याला गोत्यात आणणार हे कळायला लागल्यावर चेहऱ्यावर जे काही होतं ना ते मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंसारखा नट समोर असताना करून दाखवणं सोपं नाही. आणि 1979 च्या ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू तर पूर्ण उलटा, आवाज नाही, दरारा नाही, सगळं राजकारण जवळून बघत आतून पोखरत गेलेला माणूस, शेवटी वेड लागल्यासारखा हसत सुटतो. स्टेजवर तेंडुलकरांचा सखाराम बाईंडरही त्यांनीच केला, ते तर आता कोणी बोलतही नाही.

पडद्याबाहेर अंधश्रद्धा निर्मूलन असो की कार्यकर्त्यांसाठीचा सामाजिक कृतज्ञता निधी, डॉ. लागूंच्या बरोबरीने ते उभे राहिले. पडद्यावर बाईला छळणारा आणि प्रत्यक्षात आयुष्यभर समतेच्या चळवळीत असणारा असा नट दुसरा कोण आहे सांगा?

13 जुलै 2009 ला ते गेले. येत्या स्मृतिदिनाला आपल्या पेपरात तो एक डायलॉग सोडून त्यांच्या या कामावर पानभर तरी छापा आणि मराठी चॅनेलवाल्यांनी त्या दिवशी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ प्राइम टाइमला, न कापता दाखवावेत, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक