काटा आधी शून्यावर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘120 च्या वर? सावधान!’ हा रक्तदाबावरचा लेख वाचला. सकाळी वाचून चिडलो, दुपारी पुन्हा वाचून जास्त चिडलो. पत्र आज लिहितोय, कारण काल लिहिलं असतं तर आपण ते छापलं नसतं.

‘अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानुसार’ एवढ्यावर लेखकाने भागवलं आहे. नाव सांगायला काय हरकत होती? तो स्प्रिंट अभ्यास, 2015 सालचा. 9,361 माणसं, सगळी पन्नाशीची किंवा त्यापुढची. निम्म्यांचा वरचा दाब 120 च्या खाली ठेवायचा, निम्म्यांचा 140 च्या खाली. ‘धोका 25 टक्क्यांनी घटला’ हे आपलं ठळक वाक्य खोटं नाही. पण हजार माणसांमागे वर्षाला साधारण 22 जणांना झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणं असं काहीतरी व्हायचं, ते 17 वर आलं, असंही तेच सांगता आलं असतं. हजारात पाच. ते पाच थोडे नव्हेत, त्यातला एक मी असेन तर मुळीच नव्हेत. पण ‘पाच’ हा आकडा एवढ्या मोठ्या अक्षरांत शोभला नसता. आणि त्याच्या खालची ती संपूर्ण शरीर तपासणीच्या सवलतीची पाव पानी जाहिरातही मग जरा ओशाळवाणी दिसली असती.

असो. माझं भांडण 120 शी नाही. ते 120 मोजलं कसं, याबद्दल लेखात एक ओळ नाही, त्याच्याशी आहे.

मी नापतौल विभागात, म्हणजे वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात, 31 वर्षं निरीक्षक होतो. इंदूरच्या सियागंजातल्या पेढ्या, छावणीतली मंडी, सराफ्यातले काटे, शहराबाहेरचे पेट्रोल पंप, सगळं पाहून झालंय. कुठेही गेलं की पहिलं काम एकच: रिकामा काटा बघायचा. पारड्यात काही नसताना काटा शून्यावर नसेल तर पुढचं वजन करण्यात अर्थ नाही, त्यात पासंग आलाच. पेट्रोलला पाच लिटरच्या मापामागे 25 मिलीपेक्षा जास्त फरक निघाला तर आम्ही पंप बंद करायचो, मालक कितीही वरून फोन आणवो.

गेल्या जानेवारीत आईला (वय 81) एका मोठ्या रुग्णालयात नेलं. लिफ्ट बंद. दोन जिने चढून आई वर आली ती धापा टाकतच. तिला लगेच बिनपाठीच्या स्टुलावर बसवलं, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिथल्या पोराने तिच्या लोकरी स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, तिचा हात तसाच मांडीवर राहू दिला आणि हवा भरता भरता नाव, वय, मोबाइल नंबर विचारायला लागला. आई आज्ञाधारक. ती एकेक आकडा आठवून सांगत होती. माझी नजर मात्र सवयीने यंत्रावर. हवा भरायच्या आधी काटा शून्यावर नव्हता. दहाच्या रेघेला टेकून निवांत बसला होता.

मी म्हटलं, बाबा रे, हा काटा बघ. तो म्हणाला, “अंकल, इतना तो चलता है.”

आकडा लिहिला 168. आत डॉक्टरांनी कागद बघितला, आईकडे बघितलं की नाही ते सांगता येणार नाही, आणि दुसरी गोळी वाढवली. तीन मिनिटांत आम्ही बाहेर. चौथ्या दिवशी पहाटे आई अंथरुणातून उठली, मोरीपर्यंत पोचली आणि दाराशी कोसळली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मग आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काय केलं? आईला आडवं झोपवून दाब मोजला, तो 142. मग उभं केलं, भिंतीला हात टेकू दिला, मिनिटभराने पुन्हा मोजला, तो 114. त्यांनी दुसरी गोळी बंद केली. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा त्याहून जास्त उतरला तर माणूस पडू शकतो, हे वैद्यकात कुणाला नवं नाही. पण त्यासाठी माणसाला उभं करावं लागतं, आणि त्याला तीन मिनिटं लागतात, म्हणजे एक अख्खा पेशंट.

आता तुमच्या त्या मोठ्या अभ्यासाकडे वळू. तिथे माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवत, मग आपोआप चालणाऱ्या यंत्राने तीनदा दाब मोजून सरासरी धरत. बऱ्याच केंद्रांत तर मोजताना खोलीत दुसरं कुणी थांबतही नसे. मोबाइल नंबर कोण विचारणार? शिवाय उभं राहून मिनिटभराने ज्याचा वरचा दाब 110 च्या खाली जाई, त्याला अभ्यासात घेतच नसत. मधुमेहींना नाही, आधी पक्षाघात होऊन गेलेल्यांनाही नाही. आईला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. म्हणजे ज्या अभ्यासाने तिला दारातूनच परत पाठवलं असतं, त्याचा आकडा तुम्ही तिच्या हातात दिलात. (चीनमधल्या मधुमेहींवरच्या 2024 च्या अभ्यासात दाब 120 च्या खाली ठेवल्याचा फायदा दिसला, तेही मी वाचलंय, उगाच कुणी कळवायला नको. दाब फार उतरून त्रास होणारेही तिथे जास्त निघाले.)

गोळ्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. आई आजही एक गोळी घेते, मीही घेतो. आपल्याच लेखात आहे की देशात 20 वर्षांवरच्या 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. मग तर मोजमाप आणखीनच नीट हवं. हात टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा दाब सरासरी चारने जास्त दिसतो आणि नुसता लोंबू दिला तर साडेसहाने, असं 2024 च्याच एका अभ्यासात निघालं. वर बोलणं, जिना, बाही आणि काट्याचा पासंग, हे ज्याने त्याने आपल्या हिशोबाने धरावं. रक्तदाबाचं यंत्र 2011 च्या वैध मापनाच्या, म्हणजे आमच्याच खात्याच्या, नियमांत येतं, तेही सांगून ठेवतो. पण माझ्या नोकरीत आम्ही भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा तराजू उलटा करून बघायचो आणि दवाखान्यात गेलो तर बाही वर करून मुकाट्याने बसायचो. यात मीही आलो. तेव्हा सुचलं नाही, आता सुचून उपयोग नाही.

पुढच्या पुरवणीत अर्धा रकाना तरी याला द्या. पाच मिनिटं बसा, पाठ टेका, पाय जमिनीवर, बाही वर, हात टेबलावर, तोंड बंद, आणि म्हाताऱ्या माणसाला एकदा उभं करून मोजा. लेखासोबतच्या त्या गोऱ्या बाईच्या हसऱ्या फोटोची जागा यासाठी पुरेल. तिचा दाब 120 च्या खालीच असणार.

जाता जाता आईचा निरोप. प्लास्टर निघालं, पण बोटांत अजून जोर नाही, म्हणून ती आपलं शब्दकोडं डाव्या हाताने सोडवते. मंगळवारच्या कोड्यात बारा उभ्याला पाच घरं होती. तिने दोनदा खोडून पाच अक्षरांचा शब्द बसवला. बुधवारी आपण उत्तर छापलंत ते चार अक्षरी. उरलेल्या घरात काय भरायचं होतं, असं तिने विचारलंय.

आपला,
एक निवृत्त नापतौल निरीक्षक
लोकमान्य नगर, इंदूर