वस्तूंच्या जागा घरातल्या एकाच माणसाला का ठाऊक असाव्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर आवरणे आणि पसारा कमी करणे या विषयावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर लेख येतात आणि ते मी आवडीने वाचतो. बहुतेक लेखांचा साचा ठरलेला असतो. एका बाजूला ओसंडून वाहणाऱ्या कपाटाचे छायाचित्र असते, दुसऱ्या बाजूला तेच कपाट एकसारख्या पेट्यांनी सजलेले असते आणि मजकुरातल्या सगळ्या सूचना गृहिणीला उद्देशून असतात. गेल्या वर्षभराच्या अनुभवानंतर मला असे ठामपणे वाटू लागले आहे की या लेखांतून मूळ प्रश्नच सुटून जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी एका कारखान्याच्या भांडार विभागात ३२ वर्षे नोकरी केली. नटबोल्टपासून मोटारीपर्यंत प्रत्येक वस्तूला रॅकचा आणि खणाचा क्रमांक असे, खणाला बिन कार्ड लावलेले असे आणि माल कधी आला, कधी गेला, किती उरला याची नोंद त्यावर असे. कालच कामावर लागलेला मदतनीसही क्रमांक पाहून हवी ती वस्तू आणून देऊ शकत असे. भांडारपाल रजेवर गेला म्हणून काम अडले, तर दोष भांडाराच्या व्यवस्थेचा धरायचा, असे आमचे वरिष्ठ सांगत आणि पुढे मीही नव्या मुलांना तेच शिकवले. आमच्या सहा माणसांच्या घराला हाच नियम लावून पाहावा, असे मात्र मला निवृत्तीनंतरही कधी सुचले नाही.

गेल्या वर्षी पत्नीचा पाय मोडला आणि तिला सहा आठवडे अंथरुणात पडून राहावे लागले. पहिल्याच सकाळी एकेक जण तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहू लागला. थर्मामीटर कुठे आहे, जास्तीची चादर कुठे आहे, नातीच्या शाळेत द्यायचा सही केलेला कागद कुठे ठेवला, गॅलरीच्या कुलपाची किल्ली कोणती, नातवाचे खोकल्याचे औषध उघडून किती दिवस झाले. मी तिच्या उशाशी बसलो होतो. सहज एका जुन्या पाकिटाच्या मागे हे प्रश्न लिहू लागलो, तर दुपारपर्यंत पाकिटाची ती बाजू भरून गेली. पत्नी डोळे मिटल्या मिटल्या उत्तरे देत होती: ‘आपल्या कपाटात, खालून दुसरा खण, निळ्या पिशवीच्या खाली.’ प्रत्येक उत्तर अचूक निघत होते. इतर दिवशी मी तिच्या स्मरणशक्तीचे कौतुक केले असते. त्या दिवशी मात्र तिला वेदनेतही डोळा लागू न देणारी ही व्यवस्था आपणच सर्वांनी मिळून उभी केली आहे, या जाणिवेने मला फार वाईट वाटले.

या कामाला नाव आहे, हे मला नंतर वाचनात कळले. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. घरकामाच्या बौद्धिक बाजूचे त्यांनी चार भाग पाडले: गरज आधीच ओळखणे, ती भागवण्याचे मार्ग शोधणे, निर्णय घेणे आणि काम झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय पुष्कळदा दोघे मिळून घेतात. पण गरज आधी ओळखणे आणि नंतर लक्ष ठेवणे हे पहिले व शेवटचे काम बहुतांशी स्त्रीकडे राहते, असे त्यांना आढळले. आमच्या घरी नेमके हेच चालले होते. मी आणि मुलगा सांगितलेले काम कधी टाळत नव्हतो. पण काय सांगायचे, ते कोणी आणि कधी लक्षात ठेवायचे, हा विचार आम्ही केलाच नव्हता.

पसाऱ्याचा प्रश्न मी इथूनच बघतो. टेबलावर आठवडाभर पडलेला कागद हा बहुधा कोणीतरी पुढे ढकललेला निर्णय असतो, आणि तो निर्णय अजून व्हायचा आहे हे ध्यानात ठेवण्याचे ओझे घरातल्या एखाद्याच माणसावर पडते. लॉस एंजलिसमधील ३० नोकरदार जोडप्यांनी आपापले घर फिरून दाखवताना केलेले वर्णन डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या संशोधकांनी तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचे उल्लेख अधिक होते, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवस सरताना जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. तेव्हा पसाऱ्याकडे केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

पत्नी बरी होईपर्यंत आम्ही काय केले, ते थोडे सविस्तर सांगतो. कारखान्यात आम्हाला ‘फाइव्ह एस’ ही जपानी पद्धत शिकवली होती. तिच्या पाच पायऱ्यांपैकी पहिली ‘सेइरी’, म्हणजे गरजेचे आणि बिनगरजेचे वेगळे करणे, आणि त्यानंतरची ‘सेइतोन’, म्हणजे उरलेल्याला जागा ठरवून देणे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. घर आवरायचे मनात आले की आपण आधी पेट्या, डबे, नवे कप्पे आणतो, म्हणजे दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि मग नको असलेल्या वस्तूही त्या पेट्यांत नीट लावून ठेवतो. आम्ही सहा आठवडे घरात एकही नवी पेटी आणायची नाही, असे ठरवले.

सुरुवात दाराजवळच्या खणापासून केली. एक चादर अंथरून तिच्यावर तो खण पालथा केला. घरात नसलेल्या कुलपांच्या किल्ल्या, केव्हाच टाकून दिलेल्या फोनचे चार्जर, वाळलेली पेने, तीन कात्र्या, एका काडीचा चष्मा आणि एक पितळी स्क्रू असा ऐवज निघाला. त्या स्क्रूपाशी आम्ही सर्व जण अडलो. तो कशाचा आहे हे कोणालाच सांगता येईना, पण तो कशाचा तरी असणारच, या भावनेने तो टाकवतही नव्हता. हातात असलेल्या वस्तूचे मोल आपण वाढवून धरतो, हे डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले आहे. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे मग देऊन ते विकायला सांगितले, तेव्हा त्यांनी सांगितलेली किंमत ही मग न मिळालेले विद्यार्थी जी मोजायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट निघाली. म्हणून ‘ही वस्तू टाकायची का?’ असे विचारण्याऐवजी ‘ही आज आपल्याकडे नसती, तर आपण मुद्दाम आणली असती का?’ असा प्रश्न आम्ही विचारू लागलो, आणि निर्णय लवकर होऊ लागले.

ज्यांचा निर्णय होत नव्हता, त्या वस्तूंसाठी कारखान्यातली लाल चिठ्ठीची पद्धत कामी आली. अशी प्रत्येक वस्तू एका खोक्यात टाकायची, खोक्यावर तारीख लिहायची आणि सहा महिन्यांत कोणी ती मागितली नाही तर पुन्हा न चाळता द्यायची किंवा मोडीत काढायची. तो स्क्रूही त्याच खोक्यात गेला. मात्र एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळले: दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय काढायची नाही. कारखान्यातही माल भंगारात काढण्यापूर्वी संबंधित विभागाची सही घ्यावी लागे. आवराआवरीच्या भरात आईवडिलांनी मुलांची खेळणी किंवा मुलांनी वडीलधाऱ्यांचे कागद परस्पर टाकून दिले, की पुढे त्या घरात कोणीच विश्वासाने काही सोडत नाही. आमच्या घरात सर्वांत जास्त निरुपयोगी वस्तू माझ्याच निघाल्या, आणि त्यांचा निवाडा मलाच करू दिला गेला, म्हणूनच मी तो मनापासून करू शकलो. ज्यांना कोणतीही वस्तू सोडताना असह्य त्रास होतो, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. अशा माणसाचे घर बळेच रिकामे करणे क्रूरपणाचे ठरेल. तिथे तज्ज्ञाचीच मदत घ्यायला हवी.

आठवणींच्या वस्तूंची घाई करू नये, असे माझे मत आहे. पत्नीच्या आईने हाताने शिवलेली गोधडी कोणी वापरत नाही, पण ती आमच्या घरातून जाणार नाही. सुनेच्या कॉलेजच्या दिवसांतल्या काही वस्तूंचे मात्र तिने छायाचित्र काढून ठेवले आणि वस्तू देऊन टाकल्या. विद्यापीठाच्या वसतिगृहांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिवाभावाच्या वस्तूंचे आधी छायाचित्र काढून ठेवा असे ज्या इमारतींत सुचवले होते, तिथे दान झालेल्या वस्तूंची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघाली. जपायची असते ती आठवण, हे एकदा पटले की हात सैल होतो.

खेळण्यांच्या बाबतीत आमचा अडीच वर्षांचा नातू हाच पुरावा ठरला. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात, समोर १६ खेळणी असताना मुले जितकी रमली, त्यापेक्षा चारच खेळणी असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्ही बरीचशी खेळणी वर ठेवली आणि दर आठवड्याला थोडी बदलून देऊ लागलो. नातवाने ठोकळ्यांचा पूल बांधायला अर्धा तास लावला, तेव्हा सून पूर्ण वेळ दारात उभी राहून बघत होती.

यानंतरचे काम जागा ठरवण्याचे, आणि माझ्या मते खरे महत्त्व त्याला आहे. वस्तू जिथे वापरली जाते तिथेच आणि जो वापरतो त्याच्या हाताच्या उंचीवर तिची जागा असावी. नातीच्या दप्तराची खुंटी आम्ही तिच्या खांद्याच्या उंचीवर आणली, आणि दप्तर जमिनीवर पडायचे थांबले. तिला वर्षभर रागावून जे झाले नाही ते एका खिळ्याने झाले. औषधे तेवढी मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच कपाटात गेली आणि मुदत संपण्याची तारीख प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. प्रत्येक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यात काय आहे याची हाताने लिहिलेली यादी चिकटवली. आधी ही यादी फोनवर ठेवून पाहिली होती, पण ओल्या हातांनी कोणी फोन उघडत नाही आणि पत्नीला तो प्रकार जमला नाही. कागद मात्र सर्वांना वाचता येतो. सुनेने मला जागोजागी चिठ्ठ्या चिकटवण्यापासून वेळीच थांबवले, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण घराचा कारखाना होऊ नये हे तिचे म्हणणे रास्त होते.

बिन कार्डाची कल्पना आम्ही एकाच ठिकाणी, स्वयंपाकघराच्या दारावर, वापरली. जो एखादी वस्तू संपवेल किंवा शेवटचे पाकीट फोडेल, त्यानेच तिचे नाव तिथल्या कागदावर लिहायचे. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसेल, पण ‘काय संपत आले आहे’ याकडे लक्ष ठेवण्याचे काम त्यामुळे एका डोक्यातून निघून सहा जणांत वाटले गेले. आमच्या सगळ्या खटपटीतला सर्वांत मोठा फरक मला याच कागदाने पडलेला दिसतो.

हे सुरळीत व्हायला वेळ लागला. पहिल्या तीन आठवड्यांत दोनदा सगळे पूर्वपदावर आले आणि आपल्याला हे जमणार नाही असे आम्हाला वाटू लागले. सवय अंगवळणी पडायला २१ दिवस पुरतात, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात हा काळ मध्यम मानाने ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीगणिक व सवयीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. हे वाचून आम्हा सर्वांनाच धीर आला. आता रात्री जेवणानंतर घरातले सर्व जण पंधरा मिनिटे आवरतात, आणि ज्याला जो भाग नेमून दिला आहे तो त्याचा. त्यात पत्नीला विचारायचे काही उरलेले नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की या विषयावरचे लेख गृहिणीसाठी न लिहिता घरातल्या प्रत्येकासाठी लिहिले जावेत, मुलांसाठीही आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसांसाठीही. आवरण्यापूर्वीचे आणि आवरल्यानंतरचे अशी दोन छायाचित्रे छापताना तिसरे, सहा महिन्यांनंतरचे, जरूर छापावे आणि त्यासोबत त्या कपाटात वस्तू परत कोण ठेवते हेही लिहावे. शक्य झाल्यास वाचकांकडून अशा घरगुती व्यवस्थांची माहिती मागवावी. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या कागदाचा नमुना आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भांडारपाल