लाल दिवा आता खरं सांगतो

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा ऑनलाइन वर्ग चालू असताना दारावरची बेल वाजली. मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या मेनूतून माइक बंद केला. माइक चालू-बंद करायला घेतलेल्या बटणांच्या पॅडला हातही लावला नव्हता, तरी त्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. दार उघडायला उठण्याआधी मी क्षणभर त्या दिव्याकडे बघत राहिलो. हे तुमचं काम आहे. तुमचे आभार चारचौघांत मानावेत, असं तेव्हाच ठरवलं.

तुमच्याकडे आलो तेव्हाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. शिकवताना माइक बंद करायचा म्हटलं की आधी मीटिंगची विंडो शोधायची, आणि ती नेमकी बाकीच्या विंडोंखाली दडलेली असायची. म्हणून मी आठ बटणांचं छोटं पॅड घेतलं आणि एका बटणासाठी एका ओळीची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञेची छोटी फाइल, लिहिली. ती त्या संध्याकाळी चालली, दुसऱ्या दिवशी चालेना. तुम्ही स्क्रिप्ट उघडलीत, त्यातल्या ५२ या आकड्यावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "हा आकडा उद्याही हाच राहील, असं कुणी सांगितलं?" पाइपवायर, म्हणजे लिनक्सवर सगळा आवाज सांभाळणारा साउंड सर्व्हर, प्रत्येक उपकरणाला जो आकडा देतो तो तात्पुरता असतो. हेडसेट काढून परत लावला तरी तो बदलू शकतो. आकडा काढून 'सध्याचा डिफॉल्ट माइक' असं लिहिलं आणि काम झालं.

आठव्या बटणाने मात्र छळलं. नेहमीच्या कीबोर्डवर नसतात म्हणून मी पॅडच्या बटणांना एफ१३ ते एफ२० या कळांची नावं दिली होती. शेवटचं बटण दाबलं की सांगितलेलं काम राहायचं बाजूला, माइकच बंद व्हायचा. पॅड सदोष आहे असं समजून मी ते परत करायला निघालो होतो. तुम्ही कागदावर बेरीज मांडलीत: कीबोर्डवरच्या माइक बंद करण्याच्या बटणाचा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, क्रमांक २४८; पडद्यावरच्या विंडो सांभाळणारं एक्स११ त्यात ८ मिळवतं, होतात २५६; आणि एक्स११ची मर्यादा २५५. एका आकड्याने हुकलं, म्हणून ते काम एफ२० वर सोपवलं गेलं. ती बेरीज मी जपून ठेवली आहे. एखादी गोष्ट विचित्र वागते त्यामागे असं सरळ कारण असू शकतं, हे मला त्या कागदाने शिकवलं.

पण खरे आभार दिव्याबद्दल. माझी स्क्रिप्ट बटण दाबलं की दिव्याचा रंग उलटवायची, बस. माइक दुसरीकडून चालू-बंद झाला की दिवा आणि माइक यांची फारकत. एकदा लाल दिवा पाहून मी घरातल्या एकाच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल बोललो आणि ते सगळ्या वर्गाने ऐकलं. हे सांगताना माझा आवाज कापत होता. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत, लगेच स्क्रिप्टकडे वळलात. "बटणाने स्वतः काही लक्षात ठेवायचं नाही. साउंड सर्व्हरला विचारायचं आणि तो सांगेल तोच रंग दाखवायचा." आता स्क्रिप्ट सर्व्हरकडून येणाऱ्या बदलाच्या सूचना ऐकत बसते आणि दर सूचनेला माइकची स्थिती नव्याने विचारते.

त्यातही अडथळा आलाच. दिव्यांना रंग पाठवायची परवानगी नव्हती, म्हणून मी स्क्रिप्ट सुडोने, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे हक्क असलेल्या 'रूट' या खात्यातून, चालवली. दिवे लागले, पण आवाजाचा पत्ता नाही! साउंड सर्व्हर माझ्या लॉगिनचा, आणि स्क्रिप्ट चालली रूटच्या नावाने. तिला तो सापडणार कसा? तुम्ही यूडेव्हचा, म्हणजे जोडलेलं उपकरण कोणी वापरायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लिहायला लावलात. नियमांच्या फाइली नावाआधीच्या आकड्याच्या क्रमाने वाचल्या जातात; मी ९९ लावलं होतं, ते तुम्ही ७० केलंत, कारण लॉगिन केलेल्या माणसाला हक्क देणारी फाइल ७३ वर असते आणि आपला नियम तिच्या आधी वाचला जायला हवा. हे मला एकट्याला कधीच सापडलं नसतं.

व्हिडिओचा आवाज वर्गाला जावा, पण सूचनांची टिंगटिंग जाऊ नये, म्हणून वेगळं आभासी आउटपुट करून दिलंत, तेही उत्तम चाललंय.

तुम्ही कीबोर्ड एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत. प्रत्येक ओळ मला टाइप करायला लावलीत, चुकलो तर चुकू दिलंत, आणि एरर नीट वाचेपर्यंत थांबलात. त्यामुळे आज ती स्क्रिप्ट माझी आहे. ती बिघडली तर कुठे बघायचं ते मला ठाऊक आहे.

सातवं बटण अजून रिकामं आहे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की ऐकू येणारा आवाज एकदम पातळ होतो. तिथलं प्रोफाइल, म्हणजे हेडसेट कोणत्या पद्धतीने चालवायचा ते, बदलण्यासाठी हे बटण राखून ठेवलंय. पुढच्या भेटीत स्क्रिप्ट लिहूनच आणतो, तुम्ही फक्त बोट ठेवा.

तुमचा ऋणी,
आठ बटणांचा विद्यार्थी