किती टक्के उरलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हृदयविकारातून उठून मॅरेथॉन पळणाऱ्या एका गृहस्थांची मुलाखत वाचली. मांस, अंडी, दूध सगळं सोडलं, आधी चालायला आणि मग पळायला लागले. त्यांचं मनापासून कौतुक वाटलं, कारण त्याच वाटेवर मी गेली पाच वर्षं रखडत का होईना चालतो आहे. घात केला तो शीर्षकाने. गोळ्या फेकल्या आणि सत्तर टक्क्यांचं ब्लॉकेज पळालं, असा त्याचा सूर. मुलाखत दोनदा वाचली, ते गृहस्थ असं कुठेही म्हणत नाहीत. पण दुपारपर्यंत ते कात्रण मला तिघांनी पाठवलं होतं. एका जुन्या विद्यार्थ्याने खाली विचारलं होतं, ‘सर, तुमचं किती टक्के उरलं?’

मी गणित शिकवायचो. टक्केवारी माझ्या आवडीचा धडा, म्हणून हा प्रश्न मी स्वतःलाही पहिलं वर्षभर विचारत होतो. चढ चढताना छातीवर दाब यायचा, कळ जबड्यापर्यंत जायची, थांबलो की दोन मिनिटांत ओसरायची. अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट बसले. तिसऱ्या वाहिनीत ४५ टक्के अडथळा निघाला, तो औषधांवर ठेवला. घरी सोडताना फाइलच्या शेवटच्या पानावर ‘तेलकट कमी, रोज चालणे’ एवढं लिहून दिलं होतं. गोळ्यांची यादी दीड पान भरून होती. कोणती कधी, जेवणाआधी की नंतर, सगळं होतं. चालणं किती, केव्हा, कुठल्या वेगाने, दम लागला तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. मला राग त्या चार शब्दांचा आहे, डॉक्टरांचा नाही. त्यांनी जीव वाचवला.

त्या ४५चे किती होतात, हे पाहायला मी टपून बसलो होतो. मग एका मित्राच्या डॉक्टर मुलीने डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरांचा शोधनिबंध आणून दिला. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. वनस्पतीजन्य आहाराने आणि व्यायामाने ब्लॉकेज उलटतं, या दाव्यामागे बहुतेक वेळा हाच निबंध असतो. ४८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला जवळजवळ पूर्ण शाकाहार, स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आसपास, बेताचा एरोबिक व्यायाम, सिगारेट बंद, ताण उतरवण्याचा सराव आणि आठवड्यातून दोनदा एकत्र बसून बोलणं. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. वर्षाने पुन्हा अँजिओग्राफी. पहिल्या गटात वाहिन्यांचं सरासरी अरुंदपण ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आलं. दुसऱ्यात ४२.७ वरून ४६.१ वर गेलं.

मी आकडा पुन्हा पाहिला. वर्षभराच्या तपश्चर्येचं फळ दोन पूर्णांक दोन दशांश! सत्तरचं शून्य कुठे झालं?

पण त्याच निबंधात पुढे आहे की पहिल्या गटात छातीत दुखण्याचे प्रसंग ९१ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात ते वाढून अडीचपटीहून जास्त झाले. नळी दोन टक्क्यांनी मोकळी झाली आणि दुखणं नव्वद टक्क्यांनी गेलं, हे गणित जुळत नव्हतं. सवयीने कागद घेतला. द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, हे भौतिकशास्त्रात शिकलो होतो. अडथळा ४०चा ३७.८ झाला, म्हणजे मोकळी वाट ६०ची ६२.२ झाली, तर प्रवाह वाढतो साधारण १५ टक्के. हृदयाची वाहिनी काही पाठ्यपुस्तकातली सरळ नळी नव्हे, तरी उत्तर नव्वदच्या जवळपास कुठल्याही रीतीने येईना.

उत्तर नळीच्या भोकात नाही, भिंतीत आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि भिंतीचा स्नायू सैल पडतो. (या रेणूचं हे काम शोधण्याला १९९८चं नोबेल मिळालं.) अस्तर बिघडलं की श्रमाच्या वेळी जी वाहिनी रुंदावायला हवी तीच आखडते. कोलेस्टेरॉल उतरलं, रोजच्या व्यायामाने रक्त अस्तराला घासून वाहू लागलं, की हे काम काही आठवड्यांतच सुधारायला लागतं. चरबीचा थर जवळपास तेवढाच असतो, वाहिनी वागते मात्र वेगळी. शिवाय अँजिओग्राफीत दिसते ती फक्त आतली पोकळी. भिंतीत मुरलेला थर तिच्यात उमटतही नाही, आणि झटका पुष्कळदा अशाच फार न अडवणाऱ्या, पण नाजूक सालीच्या थरावर भेग पडून येतो. म्हणजे ‘किती टक्के उरलं’ याचं अचूक उत्तर मिळालं तरी झटका येणार की नाही, हे त्यातून फारसं कळत नाही.

व्यायामाची गोष्ट तर जुनीच आहे. श्रमाने येणाऱ्या या छातीदुखीचं वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकात केलं. आपला एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला, असंही त्याने नोंदवून ठेवलं आहे. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे पलंगावर खिळवून ठेवत. अलीकडची नोंद हवी तर रायनर हॅम्ब्रेख्त आणि सहकाऱ्यांचा २००४चा जर्मन प्रयोग पाहावा. स्थिर अंजायना (म्हणजे हीच श्रमाने येणारी छातीदुखी) असलेले १०१ पुरुष, काहींना स्टेंट, काहींना रोज वीस मिनिटं सायकल. वर्षअखेर कुठलाही मोठा प्रसंग न घडलेले सायकलवाल्यांत ८८ टक्के, स्टेंटवाल्यांत ७० टक्के. प्रयोग लहान होता आणि रुग्ण निवडक होते. झटका प्रत्यक्ष येत असताना सायकल काढायची नसते, रुग्णवाहिका बोलवायची असते, हेही सांगून टाकतो. कात्रणं कोण कशी वाचेल, नेम नाही.

माझं चालणं सुरू झालं ते पुनर्वसन केंद्रात. छातीवर ईसीजीच्या चिकट पट्ट्या. त्या ओढून काढताना केसांसकट निघायच्या आणि पट्ट्या काढणारी मुलगी दरवेळी ‘सॉरी काका’ म्हणायची. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत मी ३१० मीटर चाललो. २२० वजा वय करून नाडीचा आकडा मी घरूनच काढून नेला होता. तिने तो कागद बाजूला ठेवला. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी त्या सूत्राला जुमानत नाही, गोळी तिला वर चढूच देत नाही. त्याऐवजी भिंतीवर ६ ते २० असा तक्ता होता, श्रम किती वाटतात त्याचा, स्वीडनच्या बोर्ग यांनी बनवलेला. ११ ते १३च्या मध्ये राहा, म्हणाली, बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. मी तिला पाढे म्हणून दाखवायचो. सतराच्या पाढ्यात अडखळलो की वेग कमी! बारा आठवड्यांनी ३१०चे ४९० झाले. तिसऱ्या वर्षी, ताणचाचणी (हृदयाची स्ट्रेस टेस्ट) करून आणि डॉक्टरांना विचारून, २१ किलोमीटर पळत-चालत पूर्ण केले. माझ्या मागे फक्त मागे पडलेल्यांना उचलणारी झाडूवाली गाडी होती.

आहाराबद्दल थोडक्यात. कडधान्यं, डाळी, ओट्स यांतला विरघळणारा तंतू आतड्यातली पित्ताम्लं धरून बाहेर नेतो. नवी बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. संपृक्त चरबी कमी झाली की यकृतावरचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पकडणारे ग्राही रेणू वाढतात. युक्ती एवढीच, आणि ती पक्की आहे. ऑर्निशच्या पहिल्या गटात कोलेस्टेरॉलची गोळी न देता एलडीएल सुमारे ३७ टक्के उतरलं होतं. पण ‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने फसू नये. साखर वनस्पतीजन्यच असते, मैदाही, तळलेले काप आणि पामतेलही. खोबरेल तेलात तर संपृक्त चरबी लोण्याहून जास्त. पहिले चार महिने मी बिनदुधाची बिस्किटं खाऊन धर्म पाळत होतो.

आता गोळ्यांचं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या शीर्षकामुळे लिहितो. चौदाव्या महिन्यात माझं एलडीएल ५२ आलं. मला वाटलं, हे माझ्या ताटाचं यश. कुणाला न विचारता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, थांबवली. सात आठवड्यांनी तपासलं तर १०१. यशात गोळीचा वाटा निम्म्याचा होता, आणि मी सगळं श्रेय डाळीला देऊन बसलो होतो. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त विचारलं, ‘रक्त पातळ ठेवणारी गोळी तर थांबवली नाहीत ना?’ ती थांबवली नव्हती. नव्या स्टेंटनंतर ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ऑर्निश यांनी रुग्ण घेतले तो काळ स्टॅटिन नुकत्याच बाजारात येण्याचा होता (पहिली आली १९८७ला). त्यांचे रुग्ण त्यांशिवाय सुधारले, यावरून आपण घेत असलेल्या सोडाव्यात असं निघत नाही.

पळण्याचंही तसंच. जिम फिक्स यांनी अमेरिकेला पळायला शिकवलं असं म्हणतात. सिगारेट सोडून, वजन उतरवून ते पळू लागले होते. वडिलांना पस्तिसाव्या वर्षी झटका आलेला, त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. फिक्स १९८४ मध्ये पळतानाच गेले, बावन्नाव्या वर्षी. शवविच्छेदनात वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. पळण्याने त्यांना वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली की पळण्याच्या भरवशावर त्यांनी तपासण्या टाळल्या, यावर आजही वाद घालता येतो. मी पहिल्या बाजूचा आहे, पण ताणचाचणी चुकवत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की अशी मुलाखत छापताना त्या माणसाचं एलडीएल किती, रक्तदाब किती, कुठल्या गोळ्यांवर, हे चौकटीत द्यावं. न थांबता किती चालवतं, तेही द्यावं. माझं विचाराल तर त्या वाहिनीत सध्या किती टक्के आहे, मला ठाऊक नाही. पुन्हा अँजिओग्राफी करायचं कारणच पडलेलं नाही. जुन्या चढावर मात्र आता थांबावं लागत नाही.

आणि मुलाखतीतल्या गृहस्थांना एक निरोप पोचवाल का? पळताना पायांना मुंग्या येतात, बूट बदलून पाहतोय, असं त्यांनी सहज म्हटलं आहे. मीही बुटांचे दोन जोड बदलले होते. निघाली बी-१२ची कमतरता. ते वनस्पतींतून मिळत नाही, वेगळं घ्यावं लागतं. रक्त तपासून घ्या म्हणावं.

आपला,
एक हृदयरुग्ण वाचक
(निवृत्त गणित शिक्षक)