दूध सोडणाऱ्यांनी बी-१२ची सोय आधी करावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील व्हीगन (म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूधही वर्ज्य असलेल्या) आहारावरचा लेख वाचला. त्यात सांगितलेल्या हृदयविकारासंबंधीच्या फायद्यांविषयी माझे दुमत नाही. मात्र ‘आहार समतोल असला की काहीही कमी पडत नाही’ हे विधान बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत खरे नाही.

बी-१२ वनस्पतीही तयार करत नाहीत आणि प्राणीही. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि मांस, मासे, अंडी व दूध यांतून ते आपल्याला मिळते. माझ्यासारख्या जन्मापासूनच्या शाकाहाऱ्याला दूध-दही-ताक हीच काय ती वाट असते. गोठ्यातल्या नर रेडकांचे पुढे काय होते हे कळल्यावर सहा वर्षांपूर्वी मी तीही बंद केली. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे सुरुवातीला उलट हलकेच वाटत होते. चौथ्या वर्षी एकदा जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल वरच निसटली आणि ते मला दोन पायऱ्या खाली आल्यावर, फरशी पाहून कळले. पायाला कळलेच नव्हते. हिमोग्लोबिन उत्तम असल्यामुळे ‘वयानुसार असे होते’ असे सांगून माझी बोळवण झाली. वास्तविक पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट (हेही एक ‘ब’ जीवनसत्त्व) भरपूर मिळत असेल, तर बी-१२च्या अभावामुळे होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. पुढे बी-१२च्या इंजेक्शनांनी चालणे सुधारले. तळव्याची बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही.

इडलीचे आंबवलेले पीठ, स्पिरुलिना (शेवाळासारख्या सूक्ष्मजीवाची पूड), न धुतलेली भाजी असे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. (शेवटच्या उपायाने जंत तेवढे मिळतील.) स्पिरुलिनातले बहुतांश बी-१२ माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपात असते. हाडांना लागणाऱ्या कॅल्शियमसाठी निदान नाचणी आणि तीळ आहेत. तरीही ब्रिटनमधील ‘एपिक-ऑक्सफर्ड’ अभ्यासात २०२० साली व्हीगन व्यक्तींमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मांसाहाऱ्यांच्या सुमारे २.३ पट आढळले, ज्याचे एक कारण त्यांचे कमी वजन हेही होते.

सर्वांत गंभीर बाब गरोदर स्त्रियांची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपासच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (ज्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो) सर्वाधिक असल्याचे त्यांनी २००८ साली मांडले. या स्त्रिया काही व्हीगन नव्हत्या. जी आहे ते घोटभर दूधही सोडणार आहे, तिला पहिल्या तपासणीलाच बी-१२विषयी विचारले गेले पाहिजे.

मी स्वतः दुधाकडे परतलेलो नाही. चहा सोयाच्या दुधाचा आणि बी-१२ची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिलेली, असे चालले आहे. पुरवणीत व्हीगन पाककृती छापताना खाली या गोळीविषयी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा