राजीनाम्यानंतर आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

पतपेढीतील नोकरीचा मी राजीनामा दिला आहे आणि तो मंजूरही झाला आहे. यापुढे लेखनावरच चरितार्थ चालवायचे ठरवले आहे. आईचा आवाज ऐकला असता तर फोनवर हे बोलणे जमले नसते, म्हणून लिहीत आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल की आपल्या शेजारच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळूनच एवढे मोठे कादंबरीकार झाले. ते खरेच आहे, आणि त्यांच्याविषयीचा आदर मला तुमच्याकडूनच मिळाला आहे. परंतु दिवसभर हिशेब तपासून रात्री लिहायला बसले की माझा पहिला खर्डाच शेवटचा ठरतो. हर्णैच्या लिलावात मासळी विकणारी बाई माझ्या कथेत शाळेतल्या बाईंसारखी बोलत असेल, तर ते कथा मोठ्याने वाचल्यावरच कानाला खटकते, आणि मग सगळा संवाद नव्याने लिहावा लागतो. त्या कामाला ताजी सकाळ लागते.

केवळ कथांवर घर चालत नाही, याची मला जाणीव आहे. दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतात आणि रॉयल्टी प्रती खपतील तशी येते. म्हणून दुपारी भाषांतर करणार आहे, त्याचा मोबदला शब्दांवर मिळतो. मालिकेच्या संवादांचे काम आले तर तेही घेईन. करारात हक्कांची मुदत लिहिली नसेल तर प्रताधिकार कायद्याने ती ५ वर्षे धरली जाते, हेही समजून घेतले आहे. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही तुमचीच शिकवण.

आई, खोली तीच आहे, डबा त्याच काकूंचा आहे, आणि तू दिलेली आंब्याची साटे अजून शिल्लक आहेत. लहानपणी मी रचलेल्या गोष्टी तुझ्या मांडीवर डोके ठेवून सांगायचे, तेव्हा तू "मग पुढं काय झालं?" असे विचारायचीस. मी अजून त्याच प्रश्नासाठी लिहिते गं.

दरमहाचे पैसे येत राहतील; सुरुवातीला थोडे कमी असतील, पण औषधांत काटकसर करायची नाही. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या चढून न जाता रिक्षाने जावे. दापोलीला डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी अंजर्ल्याला येते. तोवर एकट्याने निघू नका. रागवायचे असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा.

तुमची,
बाळी